बंड्याच्या गॉगलची काच

सिडनी, रविवार

तीर्थरूप नाना आणि आईस,


बंड्याच्या पोहण्याच्या गॉगलचा निरोप पोचला. ‘निळा, आरशासारखा चमकणारा, ऑलिम्पिकवाले घालतात तसला.’ एवढ्या वर्णनावर दुकानातून उभ्या उभ्या घेऊन आले असते. पण या विषयातले एक महापंडित सध्या आमच्याच घरात राहतात आणि दुर्दैवाने ते तुमचे जावई आहेत.

यांनी समुद्रात पोहायचं मनावर घेतल्यापासून न्हाणीघराच्या दांडीवर टॉवेलाला जागा उरलेली नाही. पारदर्शक, निळा, धुरकट, पिवळा, आरशाचा, सगळे ओळीने लोंबतात. पहाटे उठून पंचांग उघडावं तसं हे खिडकीतून आभाळ बघतात आणि मग त्या दिवशीचा गॉगल ठरतो.

मॅनलीच्या किनाऱ्यावर रोज सकाळी ७ वाजता गुलाबी टोप्यांचा एक जथा पाण्यात शिरतो आणि शेली बीचला जाऊन परत येतो. जाऊन-येऊन साधारण दीड किलोमीटर. आमचे हे त्यातच. इथला समुद्र पूर्वेला, त्यामुळे सूर्य पाण्यातूनच वर येतो आणि जाताना थेट डोळ्यांत घुसतो. फ्रीस्टाईल मारताना अधूनमधून मान वर काढून दिशा बघावी लागते, नाहीतर माणूस भलतीकडेच निघतो. तेव्हा साध्या काचेतून समोर नुसता पांढरा भपका. आरशाची काच तिथे कामाला येते, तिचा मुलामा बराचसा उजेड बाहेरच्या बाहेर परतवतो. पोलराइज्ड काच त्याहून महाग. पाण्यावरून उसळणारी तिरीप ती अडवते खरी, पण डोकं पाण्याखाली गेलं की अडवायला तिरीपच नाही. म्हणजे जास्तीचे पैसे फक्त मान वर काढण्यापुरते!

ढगाळ दिवशी पिवळी काच. ती निळसर उजेड गाळते, म्हणून अंधुक पाण्यातही खडकांच्या कडा उठून दिसतात. रंगांचं मात्र वाटोळं. यांच्या पोहण्याच्या वाटेवरचा तो सगळा कॅबेज ट्री बे २००२ पासून राखीव आहे, मासेमारी बंद, त्यामुळे मासे माणसांना जुमानत नाहीत. ब्लू ग्रोपर हा या राज्याचा मानाचा मासा, गर्द निळा, चांगला दांडगा. एकदा हे घरी येऊन सांगू लागले, “आज काळपट हिरव्या रंगाचा एक नवाच मासा दिसला.” नवा मासा कसला, काच पिवळी होती. उन्हाळ्यात तिथे तळाशी मुशीची पिल्लंही हिंडतात. आई, हे वाक्य तू वाचू नकोस.

छपराखालच्या तलावातही एकदा स्वारी आरशाची काच लावूनच उतरली. दिव्यांच्या उजेडात समोरची भिंत उशिरा दिसली आणि भिंतीने जावयाचा मान ठेवला नाही. वर डोळे दिसत नसल्यामुळे काठावरच्या जीवरक्षकाला कळेना, हे दम खाताहेत की शुद्ध हरपलीय. तेव्हापासून तिथे पारदर्शक. आता उन्हात आपोआप काळी होणाऱ्या काचेवर यांचा डोळा आहे आणि माझा पाकिटावर.

तर बंड्या. त्याच्या चिवला किनाऱ्यावरच्या पोहण्याच्या स्पर्धेत सगळा मामला उलटा. मालवणला समुद्र पश्चिमेला आणि सकाळचा सूर्य किनाऱ्यामागून. जाताना ऊन पाठीवर. परत येताना, हातपाय भरून आल्यावर, ते तोंडावर. तिथे धुरकट काच बरी. ती उजेड कमी करते, पण रंग बिघडवत नाही. निळ्या काचेतून नारिंगी रंग मंदावतो, आणि खुणेचा बोया बहुतेक वेळा नारिंगीच असतो. शर्यतीत बोयाच दिसला नाही तर ऑलिम्पिकवाल्यांचा गॉगल काय कामाचा? टिळक जलतरण तलावावरच्या पहाटेच्या सरावाला मात्र पारदर्शकच हवी, डिसेंबरात तेव्हा धड उजाडलेलंही नसतं.

म्हणून दोन पाठवते. धुरकट काचेवर हलका आरशाचा मुलामा दिलेलाही मिळतो, तोच घेईन, म्हणजे बंड्याचा फोटोही झकास येईल. पण काचेपेक्षा बसणं महत्त्वाचं. गॉगल पट्टा न लावता डोळ्यांवर हलकेच दाबला की क्षणभर तिथेच चिकटून राहायला हवा. पोराचा चेहरा काही पार्सलने मागवता येत नाही, तेव्हा दोन डोळ्यांमधल्या नाकाची रुंदी तेवढी मोजून कळवा. आईची शिवणकामाची टेप चालेल.

कळावे,
तुमची,
ताई

ता. क. : काचेला आतून धुकं धरू नये म्हणून लेप असतो. आई, त्या पदराने पुसायच्या नाहीत, आणि राखेने तर मुळीच नाही. गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायच्या. नानांनाही सांग, रुमाल खिशातच ठेवा म्हणावं.