साडेअठरा हजारांचा पाऊस

ऑक्टोबर उजाडला तरी पाऊस जाऊ नये, म्हणून देव पाण्यात घालून बसलेला एक इसम त्या वर्षी पुण्यात राहत होता. भाताला ऊन हवं होतं, गरबेवाल्यांना कोरडं मैदान हवं होतं, रस्त्यांना डांबर हवं होतं. या गृहस्थांना मात्र पाऊस हवा होता, कारण त्यांचं जॅकेट सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरपोच आलं होतं.

हे गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात आणि एकच चष्मा वापरतात. तरीही पुढचा मजकूर पाहता दोघांत थोडं अंतर ठेवलेलं बरं.

हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या तारखा नव्याने लावल्या. मुंबईतून पाऊस निघायची सरासरी तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. गृहस्थांनी याचा अर्थ एवढाच घेतला, की सरकारने जॅकेटला नऊ दिवसांची मुदतवाढ दिली. लगोलग दोन मित्रांना पकडून हरिश्चंद्रगड ठरला. गड अहिल्यानगर जिल्ह्यात, पायथ्याचं खिरेश्वर पुणे जिल्ह्यात आणि कडा कोकणाकडे तोंड करून उभा. म्हणजे पाऊस तीनपैकी कुठल्या तरी खात्यातून मंजूर होईलच.

जॅकेट साडेअठरा हजारांचं होतं. रंग असा, की दरीत पडलं तरी हेलिकॉप्टरमधून दिसावं. घडी करून ते स्वतःच्याच खिशात बसायचं, ही करामत पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवली जाई. कापडावर वीस हजार मिलिमीटर, म्हणजे वीस मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब आत येणार नाही, असं लेबलवर लिहिलं होतं. पत्नीने विचारलं, "पण घाम येत नाही का यात?" या साध्या प्रश्नाला 'नाही' एवढं उत्तर पुरलं असतं. गृहस्थांनी १८२३ सालापासून सुरुवात केली.

आता ती सुरुवात टाळणं लेखकालाही जमणार नाही. १८२३ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने नॅप्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये लावलं, आणि माणूस पहिल्यांदा बाहेरून कोरडा, आतून ओला झाला. त्या कोटांना वास यायचा, उन्हात ते चिकट व्हायचे. पुढे १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला भलतंच काही शोधताना नळकांड्यात एक पांढरी भुकटी सापडली, ती टेफ्लॉन. मग १९६९ साली रॉबर्ट गोर तापवलेल्या टेफ्लॉनच्या कांड्या हळूहळू ताणू पाहत होता. त्या तुटत होत्या. वैतागून त्याने एक कांडी खस्सकन ओढली आणि ती न तुटता लांबच लांब झाली. त्या ताणलेल्या पापुद्र्यात इतकी बारीक छिद्रं असतात, की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर पडते. जगातली एवढी मोठी सोय एका माणसाच्या वैतागातून निघाली, हे गृहस्थांना फार आवडायचं. आपल्याही वैतागातून कधीतरी काहीतरी निघेल, अशी त्यांना आशा आहे. त्यांचं जॅकेट त्या मूळ घराण्यातलं नव्हतं, लांबच्या भावकीतलं होतं. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही.

लेबलवर एक गोष्ट बारीक अक्षरांतही नव्हती. वाफ बाहेर जाते ती बाहेर कोरडं असेल तर. आत जास्त आणि बाहेर कमी, असा फरक असल्याशिवाय ती हलत नाही. बर्फाच्या कोरड्या, थंड डोंगरात हे झकास जमतं. सह्याद्रीत पाऊस लागलेला असताना बाहेरची हवाच पाण्याने ठासून भरलेली असते. तिथे आतल्या वाफेने जायचं कुठे? त्यातून चढणीवर माणसाला तासाला लिटरभरही घाम येऊ शकतो.

खिरेश्वरात वाटाड्या भेटला तो विशीतला पोरगा. दोन्ही मित्रांना तो 'सर' म्हणाला आणि गृहस्थांना 'काका'. तिघांचं वय एकच आहे, हे सांगायची संधी गृहस्थ तोलारखिंडीपर्यंत शोधत होते. पोराच्या पायात प्लॅस्टिकचे बूट आणि डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ. गोणीचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचला, की टोपी आणि पाठ एकदम झाकली जाते. युरियाच्या कंपनीचं नाव उलटं होऊन मानेवर येतं. पुढून सगळं उघडं. गृहस्थांनी खोळीकडे पाहिलं आणि त्यांना कणव आली. कणव आली की ते बोलू लागतात.

"तुमच्याकडे घोंगडी नाही का रे आता?" त्यांनी विचारलं.

"आज्याची होती."

इतकं पुरेसं होतं. तोलारखिंडीच्या चढावर, दम लागलेला लपवत, गृहस्थांनी त्या पोराला घोंगडी समजावून सांगितली. दख्खनी मेंढीची राठ लोकर, सनगरांचा खड्ड्यातला माग, विणून झाल्यावर दिलेली चिंचोक्याची खळ. त्या खळीने घोंगडी कडक होते आणि पाणी वरच्या वर ओघळतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, उलट ओल शोषताना थोडी ऊब सोडते. "आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं," असं म्हणून त्यांनी जॅकेटची साखळी गळ्यापर्यंत ओढली.

पोरगा शांतपणे ऐकत होता. खिंडीतल्या वाघाच्या शिल्पापाशी थांबून म्हणाला, "भिजली की लई जड व्हती काका. आज्या ती घालून गुरांमागं जायचा नि घरी आला की आजी म्हनायची, आधी ती काढा, मग घरात या. वास मारायची." मग गृहस्थांकडे नीट बघून, "तुमी आतून भिजलाय का?"

जॅकेटचं इडलीपात्र झालं होतं. बाह्यांत कोपरापर्यंत पाणी साठलं होतं आणि हात खाली केला की ते मनगटातून गळत होतं. दोन्ही मित्र, ज्यांनी रस्त्यावरचे साधे पोंचो घेतले होते, वाऱ्याने फडफडत का होईना, बरेच कोरडे होते. खोळवाला सगळ्यांत कोरडा. पुढून उघडं असल्यामुळे त्याची वाफ कुणाला न विचारता निघून जात होती.

खिंडीच्या वर कातळटप्पा लागतो. तिथे लोखंडी रेलिंग आहेत. विजेचे ढग आले ते देशाच्या बाजूने, दुपारी तीनच्या सुमाराला. परतीचा पाऊस असाच येतो, दुपारनंतर गडगडत. हस्ताचा पाऊस म्हणतात तो हाच. पहिला कडकडाट झाला तेव्हा गृहस्थ रेलिंगला धरून फोटोसाठी उभे होते. पोराने "काका, हात सोडा" असं इतक्या जोरात सांगितलं, की त्यांनी हातच काय, पोटही सोडलं. चढायला आणलेल्या कार्बनच्या महागड्या काठ्या लांब ठेवायला लावल्या, सगळ्यांना कड्याच्या धारेवरून खाली, एका खोलगट जागी आणून उकिडवं बसवलं, एकमेकांपासून अंतर ठेवून. वीज पडून देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, बरीचशी शेतात काम करणारी. पोराला आकडा ठाऊक नव्हता. पलीकडच्या वाडीतली बैलजोडी ठाऊक होती. अर्धा तास ते तसेच बसून राहिले. वारा बाजूने पाऊस मारत होता, कारवीचं रान आडवं होऊन पुन्हा उठत होतं. गृहस्थांच्या जॅकेटचा रंग तेवढा उठून दिसत होता. हेलिकॉप्टर नव्हतं.

वरच्या टेकड्या आणि रान पार करून देवळाजवळच्या झोपडीत पोचेपर्यंत अंधार झाला. गृहस्थांची बोटं सॅकचं बक्कल उघडेनात. वारा आणि ओले कपडे एकत्र आले, की ऑक्टोबरातही शरीर झपाट्याने निवतं. आतलं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलं की माणूस बरळू लागतो. त्यांनी मॅकिंटॉशचं नाव काढलं तेव्हा एका मित्राला काळजी वाटली, दुसऱ्याने ते नेहमीचंच आहे असा निर्वाळा दिला. झोपडीतल्या मावशींनी चौकशी न करता जॅकेट उतरवलं, चुलीच्या वरच्या दांडीवर टाकलं आणि कोपऱ्यातून काढून एक काळी घोंगडी गृहस्थांच्या अंगावर घातली.

घोंगडी चावते. हे १८२३ पासूनच्या इतिहासात कुठे आलेलं नव्हतं. मानेला, कानाला, ओल्या पाठीला ती अशी काही टोचू लागली, की मघाचं सगळं व्याख्यान त्यांना परत घ्यावंसं वाटलं. पण दहा मिनिटांत दात वाजायचे थांबले. पिठलं-भाकरी आणि ठेचा पोटात गेल्यावर ते घोंगडीत एका जागी बसून, न खाजवण्याचा प्रयत्न करत, लोकरीचे गुण मनातल्या मनात आठवत राहिले. तीन ऋतूंचा म्हणून घेतलेला तंबू सॅकमध्येच राहिला. आपल्याकडच्या सहांपैकी कुठले तीन, हे तंबूवर लिहिलेलं नव्हतं, शरद नसावा.

शेजारच्या झोपडीत एक मोठा गट उतरला होता. त्यांचा स्पीकर चालू होता. पावसाचा जोर वाढला तशी त्यांच्यातल्या एकाने दारात येऊन आरोळी ठोकली, "पड बाबा, रात्रभर असाच पड!" टाळ्या पडल्या.

वाटाड्या पोरगा दारातच उभा होता. आत येत नव्हता, जेवत नव्हता. मावशींनी दोनदा हाक मारली. गृहस्थांनी विचारलं, तेव्हा म्हणाला, वाऱ्याचा अंदाज घेतोय. खाली खाचरात हळवं भात कापायला आलं होतं. नुसता पाऊस सोसतो, पण पावसाला असा वारा असला की भात आडवं होतं. लोंब्या पाण्यात लोळल्या की चार दिवसांत दाण्याला मोड येतात. आईबा दोघंच घरी. उद्या ऊन पडलं तर ठीक.

"मग तू वर कशाला आलास आज?"

"शनिवार हाय ना," तो म्हणाला.

शनिवार-रविवारी माणसं येतात, बाकीचे पाच दिवस गड रिकामा. त्यातले पावसाळ्यापासून सोनकी पिवळी असेपर्यंतचेच शनिवार जोराचे. भात नेमकं त्याच दिवसांत उभं असतं. शेजारच्या आरोळीवाल्याचा गृहस्थांना फार राग आला, उठून दोन शब्द सुनवावेत इतका. पण त्याने देवाकडे मागितलं होतं ते शब्दशः तेच होतं, जे गृहस्थ गेला आठवडाभर घरी मागत होते, आणि त्यांचे देव अजून पाण्यातच होते. ते घोंगडी घट्ट ओढून बसले. तिने पुन्हा चावून घेतलं.

रविवारी पहाटे कोकणकडा. सूर्य पाठीशी आणि दरीत ढग असले, तर ढगावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्सच्या नावावर तशी १८३५ सालची नोंद आहे. गृहस्थांना आपल्या सावलीभोवती तेजोवलय असावं असं पूर्वीपासून वाटत आलंय, म्हणून ते तासभर थांबले. ढग होते, सूर्य नव्हता. कड्याच्या पोटातून वर येणाऱ्या वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, वर गेली, क्षणभर डोक्यावर तरंगली आणि मागच्या बाजूला चिखलात पडली. केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतकं गार पाणी आणि त्यात पिंडीला प्रदक्षिणा घालणारी तरुण मंडळी होती. गृहस्थांनी काठावरूनच हात जोडले. ओलं होण्याचा त्यांचा कोटा संपला होता.

उतरताना दहाच्या पुढे ऊन पडलं. पोरगा पुढे जवळजवळ धावत होता. खिंडीनंतर एका वळणावर खालची खाचरं दिसतात. तिथे तो थांबला, डोळ्यांवर हात धरून पाहिलं. पिवळ्या पट्ट्यांत मधे मधे कुणी हात फिरवल्यासारखे चट्टे होते. "वरची दोन गेली, खालचं उभं हाय," एवढं बोलून तो पुन्हा निघाला. आडवं झालेलं आधी कापावं लागतं.

खिरेश्वरात त्याच्या अंगणात चहा झाला. त्याचा बाप विळा पाजत बसला होता. मित्रांनी ठरल्याहून जास्त पैसे पुढे केले, त्याने मोजून ठरलेले घेतले, मग आईने डोळ्यांनी खुणावलं तेव्हा उरलेलेही घेतले. गृहस्थ जॅकेट कुंपणावर वाळत घालत होते. पोराने जवळ येऊन कापड दोन बोटांत धरलं, आतली शिवण उलटून पाहिली, साखळी वरखाली केली.

"केवढ्याला बसलं काका?"

पुण्यात हा प्रश्न कुणी विचारला, की गृहस्थ वीस सांगतात. इथे समोर विळा पाजला जात होता.

"अठराशे," ते म्हणाले.

पोराने कापड सोडलं. "तरीच. अठराशेत असलाच माल देत्यात. नारायणगावच्या बाजारात चौकशी करा, तीनेक हजार घाला, चांगलं मिळंल."

दोन्ही मित्र चहाच्या कपात तोंड घालून बसले होते. गृहस्थांनी दुकानाचा पत्ता लिहून घेतला.