चि. जनविश्वास यास खुलं पत्र

चि. जनविश्वास (तरतुदींची सुधारणा) अधिनियम, 2023 यास,



11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि तू कायदा झालास. जन्मतःच 19 मंत्रालयांचे 42 कायदे आणि त्यांतल्या 183 तरतुदी एका दमात दुरुस्त केल्यास. आमच्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलं तर ते नीट करून घेताना नातवाच्या चपला झिजतात. तेव्हा तुझं कौतुक वाटतं ते उगाच नव्हे.

बोहारणीच्या गाठोड्यात धोतर, नऊवारी आणि बाळाचं झबलं एकत्र बांधलेलं असावं, तसे तुझ्यात चहा, टपाल, बॉयलर, जंगल, हवा, सिनेमा, रेल्वे आणि औषधं सुखाने नांदतात. संसदेच्या संयुक्त समितीने तुला तपासलं होतं, हे मान्य. पण 27 जुलैला लोकसभेत मणिपूरवरून गदारोळ चालू असताना तू आवाजी मतदानाने मंजूर झालास. त्यातला आवाज नेमका कशाचा होता, ते विचारू नकोस.

तुझ्यात चांगलं काही नाही असं म्हणणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66ए आठवतं ना? 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या, आणि दोघींना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ते कलम रद्दबातल ठरवलं. तरी पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जातच राहिले. मेलेल्या कलमाला तू आठ वर्षांनी का होईना, अग्नी दिलास. राखीव जंगलात गुरं शिरली म्हणून गुराख्याला केंद्रीय कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद होती. ती काढून तू 500 रुपयांपर्यंतचा दंड आणि नुकसानभरपाई ठेवलीस. शाब्बास.

पण गुराख्याच्या पाठीवरून फिरवलेला हात तू धुराडेवाल्याच्या पाठीवरूनही फिरवलास. पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. आता 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड. हवा प्रदूषणाच्या कायद्यातही तोच भाव. तुरुंगाचं नाव निघतं ते हा दंड थकवला तरच. आणि दंड ठरवणार कोण? न्यायाधीश नव्हे, सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाचा सरकारी अधिकारी. ती कैद कागदावरच होती, असं तू म्हणशील. असेलही. पण त्या कागदाला मालकाचा वकील तरी वचकून असायचा. 15 लाख तर मुनीमजी ‘इतर खर्च’ या सदरात मुकाट्याने टाकतील. दर तीन वर्षांनी किमान रकमेच्या 10 टक्के वाढ करायला मात्र तू विसरला नाहीस. दंडालाही महागाई भत्ता!

औषधांचं तर विचारूच नकोस. दर्जाला न उतरणारं औषध विकल्याबद्दल औषध कायद्याच्या कलम 27(डी) खाली एक ते दोन वर्षं कैद आणि किमान 20 हजार रुपये दंड होता. आता त्या प्रकरणात रक्कम भरून तडजोड करता येते. म्हणजे गुण न येणारी गोळी घेतली रोग्याने आणि तडजोड झाली सरकारशी. रोग्याला कुणी विचारलं?

टपालाची गोष्ट त्याहून मजेची. 1898च्या टपाल कायद्यातले सगळे गुन्हे तू पुसून टाकलेस. त्यात परक्याचं पाकीट बेकायदा उघडणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याचा गुन्हाही गेला. पूर्वी त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. आणि इतकं रफू करून झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवा टपाल कायदा आला आणि जुना आख्खाच मोडीत निघाला. एवढी शिलाई कुणासाठी केलीस, बाळा?

ऑगस्ट 2025 मध्ये तुझं धाकटं भावंड, म्हणजे दुसरं जनविश्वास विधेयक, लोकसभेत आलं: 16 कायदे, 355 तरतुदी. त्याला प्रवर समितीकडे पाठवण्यात आलं. त्यात चहा, वजनमापं, मोटार वाहनं आणि औषधं हे तुझ्याच हातून गेलेले चार कायदे पुन्हा होते. तुझं काम अर्धवट राहिलं होतं की भूक वाढली, हे घरातलं घरात बघा.

माझी विनंती एवढीच. चहा आणि बॉयलर हवे तर एकत्र बांधा, त्याला कुणाची ना नाही. औषधं, हवा आणि जंगल मात्र वेगवेगळ्या विधेयकांत आणा, प्रत्येकावर वेगळं मतदान घ्या, आणि कोणत्या खासदाराने कशाला ‘हो’ म्हटलं ते नावानिशी नोंदवा.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक दंडपात्र नागरिक