रात्रीचा टुंग आणि गावचे तज्ज्ञ

येडशीत रात्री जे काही घडतं ते दोघांपैकी एकानेच केलेलं असतं, असा सध्या गावाचा समज आहे. एक वाघ, दुसरा हॅकर. वाघाचा निदान फोटो तरी निघाला. डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात तो आला, आणि मग कळलं की पाहुणे यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून सुमारे 500 किलोमीटर पायी आले आहेत. हॅकर मात्र आजवर कुणाला दिसलेला नाही. तो फक्त वाजतो. फोन चार्जिंगला लावून घरदार आडवं झालं की अडीचच्या सुमाराला टुंग. उठून बघावं तर ना मेसेज, ना मिसकॉल. पुन्हा डोळा लागतोय तोवर टुंग.

सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात या टुंगाचं शवविच्छेदन होतं. पहिला चहा येईपर्यंत निदान तयार असतं.

"आवं, आपोआप वाजायलंय म्हणल्यावर कुणीतरी आत हात घातलाच की."

"माझ्या मेव्हण्याच्या फोनात असंच वाजायचं. आठ दिवसांत खातं साफ."

मेव्हण्याचं खातं त्याआधीही साफच होतं, ही माहिती त्याच टेबलावर बसलेल्या तिसऱ्याला असते, पण चहा मेव्हण्याच्या पाहुण्याकडून असल्याने तो गप्प बसतो. एक सेवानिवृत्त गुरुजी टॉवरच्या लहरींवर बोलतात. कुणाच्या घरी चार्जरला लिंबू-मिरची बांधून झालेली असते आणि त्यानंतर दोन रात्री शांत गेल्याचा पुरावाही दिला जातो. (त्या दोन रात्री लाईटच नव्हती.) पुण्याला कंपनीत असलेला पुतण्या फोनवरूनच 'रिसेट मारा' म्हणतो. काका मारतात. थोरल्या लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो जातात, टुंग राहतो. शेवटी फोन दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि तिथला पोरगा तो कानाशी धरून, मान हलवून, डिस्प्ले बदलावा लागेल म्हणतो. कोणत्याही आजारावर डिस्प्ले बदलण्याची ही उपचारपद्धती आता तालुक्यापुरती राहिलेली नाही.

अशा अफवा पिकवणाऱ्या येडशीला खरं तर खबर कशी द्यावी हे शिकवायची गरज नव्हती. रामलिंगच्या स्थळकथेप्रमाणे रावणाशी झुंजून पडलेला जटायू याच घाटातला. त्याने रामाला सांगितलं ते एकदाच सांगितलं, खरं सांगितलं आणि कुणालाही फॉरवर्ड करायला लावलं नाही.

आता टुंगाकडे येऊ. बहुतेक घरांत त्याचा जन्म फोनात होत नाही, बोर्डात होतो. फोनला चार्जर जोडला की तो एक आवाज काढतो, हे आपल्याला माहीत आहे, कारण झोपताना आपणच तो ऐकून निर्धास्त होतो. वीज गेली आणि आली की फोनच्या लेखी तो पुन्हा नव्याने जोडला जातो. मग तो पुन्हा तेच म्हणतो. रात्रीत पाच वेळा झटका बसला की पाच वेळा. व्होल्टेज फारच खाली गेलं तर चार्जर दम टाकतो, वर आलं की उठतो, आणि प्रत्येक वेळी फोन त्याचं स्वागत करतो. पडद्यावर काही दिसत नाही, कारण लिहून ठेवण्यासारखं काही घडलेलंच नसतं. पंखा बंद पडला तर तोंडावर वारं लागेनासं होतं. क्षणभराच्या झटक्यात तोही फिरतच राहतो, म्हणून आपल्याला वाटतं लाईट तर आहे. रात्रभराची विजेची हजेरी घरात एकटा फोन घेत असतो, आणि त्याच्यावरच आपण हॅकर सोडलेला असतो.

शेतातल्या वस्तीवर तर ही हजेरी अखंड चालते. गावठाणाचा फीडर वेगळा असला तरी कित्येक वस्त्या शेतीच्याच तारेवर आहेत. शेतीपंपाची थ्री फेज वीज राज्यात वर्षानुवर्षं पाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री. सिंगल फेजची थ्री फेज करताना सबस्टेशनात खटका पडतो, तेवढ्यात वस्तीवरचे सगळे फोन एकदम वाजतात. मग अंधारात बॅटऱ्या लागतात, मोटारी चालू होतात, एकाच डीपीवर सगळ्यांचा भार येतो, कुणाचा तरी फ्यूज जातो, आणि फोन पुन्हा वाजायला मोकळे. सरकारदरबारी वीजपुरवठ्याच्या खंडांची मोजदाद करणारे तक्ते असतात. ते भरणाऱ्यांनी एक रात्र वस्तीवर उशाला फोन घेऊन झोपावं. तक्त्याचे रकाने कमी पडतील.

दुसरं कारण वायर. एकच चार्जर चौघांचा, पिन दिवसातून दहादा घुसवलेली, वायरीला जिथे तिथे चिकटपट्टी, आणि फोनच्या भोकात खिशातला कापूस, पेरणीची माती, तंबाखूची भुकटी. अशा जोडणीत मांजर नुसतं शेजारून गेलं तरी चार्जिंग तुटतं आणि जुळतं. तपासायला इंजिनिअर लागत नाही. फोन लावून वायर बोटाने हळूच हलवा. बॅटरीवरची ती वीज चमकायची थांबली की हॅकर सापडला. फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने भोक साफ करा, टाचणीने नको. वायर बदला. डिस्प्लेच्या तुलनेत हा खर्च इतका किरकोळ आहे की दुकानातला पोरगा तो सुचवेल अशी अपेक्षाच करू नये.

तिसरं कारण जरा आतल्या गाठीचं आहे. अँड्रॉइडमध्ये 2015 पासून अशी सोय आहे की फोन हलवला नाही, पडदा बंद राहिला, तर तो गाढ झोपतो आणि आतल्या ॲपनाही झोपवतो. अट एवढीच की तो चार्जिंगला नसावा. वायर लागली की झोप उडाली. बॅटरीची काळजी नाही म्हटल्यावर दिवसभर अडवून ठेवलेली सगळी ॲप कामाला लागतात: कुणी स्वतःला अपडेट करतं, कुणी फोटो वर चढवतं, व्हॉट्सॲप आपली रोजची साठवण दोनच्या ठोक्याला काढतं. त्यातलंच एखादं काम झाल्यावर घंटा वाजवतं आणि लगेच सूचना मागे घेतं. सरकारी कार्यालयात दिवसभर हलत नाही ती फाईल रात्री हलली तर आपण संशय घेतो. फोनात मात्र हा रिवाजच आहे. अँड्रॉइड 11 पासून सेटिंग्जमध्ये सूचनांचा इतिहास चालू करून ठेवता येतो. रात्री कोण वाजलं याची यादी सकाळी त्यात मिळते. पण यादी मिळाली तर हॉटेलात बोलायचं काय, हा प्रश्न उरतो.

आपल्या भागात रात्रीच्या आवाजाने दचकणाऱ्याला हसू मात्र नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, लातूर-उस्मानाबादची जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी-सास्तूरकडची हजारो माणसं त्या झोपेतून उठली नाहीत. ती पहाट पाहिलेला माणूस आजही मांडणीतलं ताट वाजलं तरी उठून बसतो. त्याला खऱ्या इशाऱ्याची किंमत कळते. म्हणून 2023 च्या जुलैत दूरसंचार विभागाने देशभरातल्या फोनांवर आणीबाणीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा काम मोलाचं होतं. पण मजकूर काय, तर हा चाचणीचा संदेश आहे, याच्याकडे दुर्लक्ष करा. फोन भोंग्यासारखा ओरडणार, थरथरणार, माणूस हातातलं टाकून धावत येणार आणि वाचणार काय, दुर्लक्ष करा. सरकारी पत्रावर ही ओळ छापायची सोय आधीच झाली असती तर गावाचा बराच कागद वाचला असता.

आणि मग टुंगाचं चौथं कारण, वाघ. अभयारण्य जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. त्यात त्याचं भागेना, म्हणून तो बार्शीच्या शिवारापर्यंत फेरी मारून येऊ लागला. पकडून कॉलर घालायला बाहेरून पथकं आली, तो बरेच दिवस त्यांच्या हाती लागला नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज लागत होता. रात्री साडेअकराला शाळेमागे, पावणेबाराला फाट्यावर, बाराला पुलावर. पंधरा-पंधरा मिनिटांत इतका पल्ला मारणाऱ्या जनावराला कॉलर घालण्यापेक्षा एसटीत घ्यायला हवं होतं. प्रत्येक खबरीला टुंग. त्याखाली 'खरं आहे का' असे चाळीस टुंग. त्याखाली, ज्यांना काहीच माहीत नाही अशांचे जोडलेले हात आणि अंगठे. एवढं झाल्यावर कुणीतरी गुलाबाच्या फुलासह 'शुभ रात्री' टाकायचं.

तर झोप हवी असणाऱ्यांसाठी उपाय साधा आहे. आवाजाच्या सेटिंगमध्ये चार्जिंगचा ध्वनी बंद करा. रात्री दहा ते पहाटे पाच 'व्यत्यय आणू नका' लावा. ग्रुप कायमचा मुका करा. वाघ दारात आला तर शेजारी हाक मारतीलच. फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नका, तो तापतो. संध्याकाळीच चार्ज करून वायर काढून ठेवली तर उत्तम, अर्थात संध्याकाळी लाईट असली तर.

हे उपाय ज्याला चालत नाहीत असा एक माणूस आहे. त्याच्या विहिरीवरच्या स्टार्टरला सिमकार्ड बसवलेलं आहे. थ्री फेज आली की स्टार्टर त्याला फोन करतो, मग तो इकडून बटण दाबून मोटार चालू करतो, आणि पाणी नीट पडतंय का ते पाहायला तरीही बॅटरी घेऊन जातोच. पाइप फुटलेला फोनवर दिसत नाही. त्याने 'व्यत्यय आणू नका' लावलं तर हरभरा वाळतो. त्याला एवढंच सुचवता येतं की स्टार्टरचा नंबर आवडत्या संपर्कांत टाक, बायकोच्या खाली, म्हणजे तेवढाच वाजेल. गावात रात्री वाजणाऱ्या सगळ्या फोनांत कामाचा आवाज हा एकच, आणि तोच माणसाला उठवून साप-विंचवाच्या, आता वाघाच्याही वाटेवर धाडतो.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये जाहीर झाला आहे. तो येडशीच्या प्रत्येक विहिरीपर्यंत लवकर पोचवा, साहेब. फोनचं आम्ही बघून घेऊ.