कळवलंत, पण परवानगी?

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर जुनी नोटीस काढायची पद्धत नाही. नवी तिच्यावर चिकटवतात. सध्या सगळ्यात वर आहे ती अशी : 'भाडेकरूंच्या पाहुण्यांनी रात्री दहानंतर लिफ्ट वापरू नये.' मालकांचे पाहुणे वापरू शकतात. त्यांचं वजन बहुधा वेगळं भरतं.

मी माझा फ्लॅट बँकेतल्या एका मुलाला दिला. लिव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवला, पोलीस ठाण्यात माहिती दिली आणि दोन्हींच्या प्रती घेऊन सेक्रेटरींकडे गेलो. 2014 च्या आदर्श उपविधींप्रमाणे एवढं पुरतं. फ्लॅट भाड्यानं द्यायला समितीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. सेक्रेटरींनी चष्मा लावून पानन् पान वाचलं. म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण परवानगी?"

मग मुलाची मुलाखत झाली. लग्न कधी करणार, गावाकडून कोण कोण येतं, अंडी खाता का. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जिल्ह्यात अंड्याची चौकशी! बँकेच्या मुलाखतीत आपल्याला एवढा घाम फुटला नव्हता, असं मुलगा नंतर जिन्यात म्हणाला.

हे जयसिंगपूर राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलं. आखीव रस्ते, नंबरच्या गल्ल्या, आणि पेठेसाठी बाहेरगावचे व्यापारी. आमची समिती तेव्हा असती, तर अर्ज अजून छाननीतच असते.

ना हरकत मिळाली, सोबत बिलही. सेवा शुल्क 1,200 रुपये, बिनभोगवटा शुल्क 600. मी शासनाचा 1 ऑगस्ट 2001 चा आदेश दाखवला : बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही. म्हणजे 120. खजिनदार म्हणाले, "ते मुंबईकडं असतंय."

समिती कडकच आहे असं मात्र कुणी म्हणू नये. बिल्डरनं जमीन अजून सोसायटीच्या नावावर करून दिलेली नाही, आणि त्या बाबतीत तिचा संयम बघण्यासारखा आहे. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. पण बिल्डर ओळखीचे पडतात. गच्चीवरची टाकी गळते, तिलाही अजून कुणी मुलाखतीला बोलावलेलं नाही.

वार्षिक सभेत मी टाकी आणि आदेश असे दोन विषय दिले. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे त्याच जागी गणपूर्तीवाचून पुन्हा भरली. टाकी पुढच्या सभेवर गेली. आदेश 'माहितीस्तव' म्हणून नोंदला गेला. भाडेकरूंनी कपडे कोणत्या बाजूच्या गॅलरीत वाळत घालावेत, हा विषय मात्र पाऊण तास रंगला. शेवटी उत्तरेची गॅलरी एकमतानं ठरली. माझ्या फ्लॅटला उत्तरेला गॅलरी नाही.