आधी तुमचा रेडिओ बारीक करा

आकाशवाणीवर फोनवरून प्रश्न विचारायचा कार्यक्रम असला की निवेदिकाबाईंचं एक वाक्य ठरलेलं असतं, "आधी तुमच्या घरातला रेडिओ बारीक करा." कारण रास्त आहे. जवळच रेडिओ चालू असला की त्याचा आवाज फोनमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजायला लागते. पण आमच्या गडब गावाला ही अट पाळणं महाकठीण. घरच्या माणसाचा आवाज मुंबईला जाऊन परत घरात यायचा, तो ऐकायला सुना, नातवंडं, शेजारपाजार ओटीवर जमलेलं, आणि बाई म्हणतात बारीक करा! मग तोड निघते. फोनवाला मागच्या पडवीत, रेडिओ शेजारच्या घरात, आणि "आला, आला, आवाज आला!" असं ओरडणारा एक पोरगा मधल्या अंगणात. त्याचं ओरडणंही प्रक्षेपित होतं.

अस्मिता वाहिनी आमच्याकडे स्वच्छ लागते. मध्यम लहरी, ५५८ किलोहर्ट्झ. या लहरी जमिनीला धरून सरकतात आणि खारट, ओल्या जमिनीवरून फार कमी झिजतात. म्हणजे ज्या खारेपाटानं आमच्या कैक पिढ्यांचं भात जाळलं, तोच रेडिओला मात्र पोसतो. तरी खरखर आलीच तर संच उचलून तोंड मुंबईकडे करायचं. आतला अँटेनाचा दांडा आडवा झाला की आवाज सुधारतो. महामार्गावरच्या ट्रेलरांच्या घरघरीवर असा इलाज नाही.

बघण्यापेक्षा ऐकण्याची किंमत खरी कळते ती पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत. तिथे आखणी चाललेली मी जवळून पाहिली आहे. कारागीर डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवतो, श्वास रोखतो आणि बारीक ब्रशनं भुवई एका दमात ओढून घेतो. हे करताना त्याला रेडिओवरच्या गप्पा चालतात, अगदी हव्याच असतात. टीव्हीवरची चर्चा लावून दिली असती, तर त्या वर्षी घरोघर तिरळे बाप्पा बसले असते.

अशा गप्पा रंगवणाऱ्या चांगल्या मुलाखतकाराची माझी कसोटी साधी आहे. पाहुणा थांबला की तो किती वेळ गप्प राहू शकतो? "आपण या क्षेत्राकडे कसे वळलात?" हे कागदावरून कुणीही वाचेल. उत्तर ऐकून त्यातूनच पुढचा प्रश्न काढायला कान लागतात, आणि असे कान अजून सरकारी रेडिओवरच जास्त सापडतात, असं माझं पक्षपाती मत आहे.

हे ऐकणं एकतर्फी राहू नये, याचा विचार फार आधी झाला होता. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत मंडळं बसवली. वीसेक माणसांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर वाद घालायचा आणि शंका केंद्राला लिहून पाठवायच्या. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक त्याच केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम करत होता, तेव्हा ऐकणाऱ्याची बोली स्टुडिओला परकी नव्हती. आम्हीही वाद घालतो, फक्त रेडिओशी. त्याला मध्येच तोडलं तरी तो रागवत नाही, ही त्याची थोरवी.

आमच्या आप्पांचं एक भांडण सांगतो. विषय होता खारभूमी. उधाणानं बांधाला खांड गेली, शेतात खारं पाणी शिरलं, आता काय करावं, असा कुणा शेतकऱ्याचा प्रश्न. तज्ज्ञ छान समजावत होते : पावसाचं गोडं पाणी शेतात साठवा, क्षार धुऊन काढा, पनवेल-३ सारखं खारेपणा सोसणारं वाण लावा. आप्पा सूप बाजूला ठेवून संचावर ओरडले, "नि खांड कोन बांधनार, ते इचार ना गो बाय!"

निवेदिकाबाईंनी क्षणभर थांबून विचारलं, "सर, पण मुळात तो बांध बांधायचा कुणी?"

आप्पा ताठ बसले. तज्ज्ञ एकदा खाकरले, दुसऱ्यांदा खाकरले. बाई काही मदतीला धावल्या नाहीत. शेवटी सर म्हणाले, "तो प्रश्न संबंधितांना विचारावा लागेल."

उत्तराचं आप्पांना काही वाटलं नाही; ते त्यांना आधीच ठाऊक होतं. पण आपण इथून ओरडलो म्हणूनच बाईंनी तो प्रश्न विचारला, असं ते आठवडाभर नाक्यावर सांगत होते.