व्हिएन्नातलं बिऱ्हाड

परदेशी जायचं ठरलं म्हणून सांगितलं, की आमच्या सुरतेजवळच्या इच्छापोरात कुणी तिकिटाचं विचारत नाही आणि व्हिसाचंही नाही. शेजारच्या बेन पहिला प्रश्न टाकतात, "रसोडुं तो छे ने?" स्वयंपाकघर असेल तर प्रवास सुफळ संपूर्ण. नसेल तर थेपले किती दिवस टिकतील, याचा हिशेब त्या आपल्या वतीनं उभ्या उभ्याच करायला घेतात. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, असं मानणारं हे गाव, तेव्हा प्रश्न वावगा नाही. आणि हजिरा रोडवरच्या कारखान्यांच्या नोकऱ्यांपायी इथं येऊन रुजलेले आम्ही खानदेशी लोक तरी कुठे वेगळे? बेनच्या बॅगेत खाखरा असतो, आमच्या बॅगेत कळण्याचं पीठ.

शिवाय माणसांची बेरीज आड येते. हॉटेलची खोली दोघांची असते, फार तर एखादं पोर त्यात कोंबता येतं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. म्हणजे दोन खोल्या, आणि त्या समोरासमोर मिळतील याची हमी नाही. आईनं तर आधीच जाहीर केलं होतं, "ज्या दाराला कडी नाही, नुसतं कार्ड घासलं की उघडतं, ते कुणाच्याही कार्डानं उघडेल. मी त्या खोलीत एकटी झोपायची नाही." त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत, सुरतेतले हिऱ्यांचे कारखाने आणि कापडबाजार कुलपं लावून गावाला गेले की आपण व्हिएन्नाला जायचं आणि तिथं सुट्टीपुरता फ्लॅट भाड्यानं घ्यायचा, असं ठरलं.

फ्लॅट निवडायला घरातले सगळे एका फोनवर वाकले. या फ्लॅटांच्या फोटोंत एक काचेचा वाडगा असतो आणि त्यात लिंबं असतात. ती लिंबं कुणी कधी पिळल्याचं दिसत नाही. मी नकाशा मोठा करून मेट्रोचं स्टेशन शोधत होतो, मुलगा वायफाय, मुलगी बाथटब, बायको शेगडीला चुली किती ते. आईनं सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि विचारलं, "मोरी कुठे आहे?" त्या प्रश्नापाशी युरोपातले बरेच महागडे फ्लॅट बाद झाले.

पुढे व्हिसा. शेंगेनवाल्यांना प्रत्येक रात्री तुमच्या डोक्यावर कुठलं छप्पर असणार याचा कागद लागतो, माणशी 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा लागतो आणि मोठ्या माणसामागे 90 युरो फी लागते. चुलतसासऱ्यांच्या घरी राहायला जाताना यातलं काहीच लागत नाही, म्हणूनच बहुधा आपण तिथं जास्त दिवस राहतो.

परमुलखात छप्पर शोधायचा हा खटाटोप आमच्या भागाला नवा नाही, फक्त आता दिशा बदलली आहे. इच्छापोरहून हजिऱ्याकडे निघालं की सुवालीचा किनारा लागतो. आता तिथं रविवारी मक्याची कणसं आणि उंटाची रपेट असते. चारशे वर्षांपूर्वी मात्र सुरतेला येणाऱ्या विलायती जहाजांचा नांगर तिथंच पडायचा. 1608 च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॉकिन्स हेक्टर जहाजातून सुरतेला आला, थेट इंग्लंडच्या राजाचं पत्र घेऊन. त्याला पहिला मुक्काम मिळाला तो जकातघराच्या पहारेकऱ्याच्या खोलीत. 1615 मध्ये सर टॉमस रो राजदूत म्हणून उतरला, तर त्याच्या सामानाच्या झडतीवरूनच वाजलं. हे वाचल्यापासून विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली आणि तो अधिकारी मेतकुटाची पुडी दिव्यासमोर धरून बघायला लागला, तरी मला राग येत नाही. आमच्या सुरतेनं राजदूतालाही सोडलं नव्हतं. मराठ्यांनी अर्थात 1664 साली सुरतेतला मुक्कामाचा प्रश्न अगदी वेगळ्या पद्धतीनं सोडवला. बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत तळ ठोकला आणि भाडं द्यायच्या ऐवजी वसूल केलं. त्यांचेच भाऊबंद आज उधना, लिंबायत, डिंडोलीत डिपॉझिट भरून राहतात.

तर व्हिएन्ना. तिथल्या पत्त्यात नुसता घरनंबर नसतो. एक तिरपी रेघ, मग जिन्याचा नंबर, पुन्हा रेघ, मग दाराचा नंबर. मालक भेटलाच नाही. दाराशेजारी आकड्यांची एक डबी, तिच्यात किल्ली, आणि फोनवर सूचना. त्यानं आधीच प्रामाणिकपणे लिहिलं होतं, लिफ्ट नाही, पण घर पहिल्या मजल्यावर आहे. आईच्या गुडघ्यांना पहिला मजला चालतो. आम्ही बॅगा उचलून एक जिना चढलो. तिथं पाटी होती, होखपार्टेर. म्हणजे उंचावलेला तळमजला. अजून एक जिना चढलो. पाटी, मेझानीन. तिथं आई पायरीवर बसली. पहिला मजला त्याच्याही वर होता. जुन्या काळी इमारतीला किती मजले चढवायचे यावर बंधनं होती, म्हणून मालकांनी मधल्या मजल्यांना मजला म्हणायचंच टाळलं, असं तिथं सांगतात. बिल्डर नावाची जमात जगभर एकच आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. आईला वाटलं नाही. "हा जर पहिला," ती धापा टाकत म्हणाली, "तर आपलं इच्छापोरचं घर तळघरातच आहे म्हणायचं."

पण त्या जिन्यानंच तिला जिंकलं. वरच्या बोळात भिंतीला एक बिडाचा नक्षीदार नळ होता, खाली छोटं कुंड. व्हिएन्नात त्याला बासेना म्हणतात. जुन्या इमारतींत घराघरांत पाणी नव्हतं, मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ. संडासही बोळातच. बायका पाणी भरायला जमायच्या आणि कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाची सून कशी आहे, याचा निकाल तिथंच लागायचा. हे मी मोबाइलवरून वाचून दाखवलं तेव्हा आईनं त्या नळाला असा हात लावला जणू माहेरचं कुणी भेटलं. तिचं लहानपण जळगावात नळावर रांगा लावण्यात गेलेलं. मोझार्टच्या घरात ती कंटाळली होती, राजवाड्यात खुर्ची शोधत होती. व्हिएन्नातलं तिला पटलेलं पहिलं स्मारक ते हे. घरातल्या नळाचं पाणी ती आधी प्यायला तयार नव्हती. ते डोंगरातल्या झऱ्यांचं असून 1873 पासून नळानं थेट शहरात येतं, हे सांगितल्यावर तिनं ते चाखलं आणि "गोड आहे, पण वरण शिजेल असं वाटत नाही," असा शेरा मारला. वरण शिजलं.

शिजलं ते मात्र बायकोच्या दूरदृष्टीमुळे. तिथल्या काचेच्या इंडक्शन शेगडीनं ॲल्युमिनियमच्या भांड्याला ओळखच दाखवली नसती. तिनं सपाट बुडाचा स्टीलचा कुकर माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून आणला होता. मी स्वेटर कुठे आहे म्हणून विचारायला लागलो तेव्हा तो उलगडला. आम्ही पोचलो शनिवारी संध्याकाळी, आणि ऑस्ट्रियात शनिवारी सहाला किराणा बंद होतो तो थेट सोमवारी उघडतो. रविवारी उघडी असतात ती मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं, आणि तिथं सगळं शहर दूध घ्यायला लोटलेलं असतं. रात्री अकराला लोचो मिळणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो.

मग ड्रॉवर. या भाड्याच्या घरांत राहणारा माणूस नसतो, ते ड्रॉवर उघडल्यावर कळतं. आपल्याकडे कुठल्याही घरातला एक ड्रॉवर म्हणजे संसार. जुने चार्जर, रबरबँड, लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपती, कुलूप हरवलेल्या किल्ल्या. इथं ओळीनं मांडलेले चमचे, सुऱ्या, बाटल्या उघडायची हत्यारं, आणि काटे इतके की लग्नाची पंगत उठवावी. काट्यावरून मला आमचा टॉम कोरियट आठवला. हा इंग्रज 1608 मध्ये युरोपभर हिंडला, इटलीतली माणसं जेवताना काटा वापरतात हे त्यानं कौतुकानं लिहिलं आणि घरी येऊन स्वतः काट्यानं जेवायला लागला, तर मित्रांनी त्याची टर उडवली. पुढे तो अलेप्पोहून पायी पायी हिंदुस्थानात आला आणि 1617 च्या डिसेंबरात सुरतेत वारला. सुवालीजवळ राजगरीला त्याची म्हणून एक घुमटी दाखवतात. काट्याची महती गाणारा माणूस शेवटी हातानं जेवणाऱ्यांच्या मातीत विसावला, आणि त्याच मातीतले आम्ही व्हिएन्नात काटे बाजूला सारून लाटणं शोधत होतो. ते नव्हतंच. मेणबत्ती खोचायला ठेवलेली वाइनची रिकामी बाटली होती. दारूबंदीच्या राज्यातल्या बाईनं ती धुतली, पुसली आणि पोळ्या लाटल्या.

फोडणीच्या धुरानं छतावरची डबी एकदा कोकलली, ती मुलानं टॉवेल हलवून गप्प केली. आईनं हीटरवर पातेलं ठेवून, भोवती मफलर गुंडाळून दह्याला विरजण लावलं. इतकं कवडीदार दही इच्छापोरात उन्हाळ्यातही लागत नाही. कचरा माझ्याकडे. स्वच्छ सर्वेक्षणात 2023 साली इंदूरच्या जोडीनं पहिला नंबर पटकावणाऱ्या शहराचा नागरिक म्हणून मी पिशव्या घेऊन ताठ मानेनं उतरलो. ओला-सुका मला पाठ आहे. पण तिथं पांढऱ्या काचेचा डबा वेगळा आणि रंगीत काचेचा वेगळा. लोणच्याची बरणी पांढरी, आत तेलाचा लाल थर. मी बराच वेळ उभा होतो.

रात्री दहानंतर त्या इमारतीत आवाज करायचा नाही. कुकरची शिट्टी आवाजात मोडते का, यावर आमच्यात चर्चा झाली, आणि व्हिएन्नात आम्ही रोज साडेसातला जेवलो. जिन्यात भेटणाऱ्या म्हाताऱ्या बाई मात्र आमच्या बॅगांकडे बघायच्या, मग आमच्याकडे. रागानं नव्हे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नव्या भाडेकरूचं सामान चढताना जसे गॅलरीत उभे राहतात, तसंच. मला ती नजर चांगली ठाऊक आहे. सुरतेत पहिलं घर शोधताना आमचं आडनाव आणि आमचं ताट दोन्ही तपासून झालं होतं. आता त्याच सोसायटीत, कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेल्या पोरांना फ्लॅट द्यायचा नाही, असा ठराव होतो आणि मी हात वर करतो.

त्या बाईंच्या बाजूनंही बोलायला हवं. शहरातली घरं अशी पाहुण्यांकडे गेली की राहणाऱ्यांना भाडं परवडेनासं होतं. व्हिएन्नानं जुलै 2024 पासून नियम केला, खास परवानगी नसेल तर वर्षातून 90 दिवसांपलीकडे घर असं देता येणार नाही. लंडनमध्ये 90 रात्री. सिंगापुरात खासगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीनं देताच येत नाही. बार्सिलोनाच्या महापौरांनी तर 2028 पर्यंत शहरातल्या सगळ्या, म्हणजे 10,101, पर्यटक फ्लॅटांचे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे. आपलंही काही कमी नाही. परदेशी पाहुणा घरी उतरला तर 24 तासांत फॉर्म भरायचा असतो, हे किती यजमानांना माहीत आहे कोण जाणे. हॉकिन्सचं जकातघरात बरं होतं, फॉर्म भरणाराच घरमालक.

आणि सुट्टी? शेवटच्या सकाळी बायको सिंकपाशी उभी होती. खिडकीबाहेर अंगण, अंगणात पिवळी पडलेली पानं, अगदी चित्रातलं व्हिएन्ना. "अहो," ती हात न थांबवता म्हणाली, "तुम्ही सगळे व्हिएन्नाला आलात. मी आपल्या घरीच आहे, नुसता ओटा बदलला." मी फडकं घेऊन भांडी पुसायला लागलो. पुढच्या वेळी हॉटेल घ्यायचं, असंही म्हणालो. त्यावर तिनं विचारलं, "आणि आईंचा चहा?" आईला सकाळी पाचला चहा लागतो, आलं ठेचून. फ्लॅटचा मुद्दा पुन्हा जिवंत झाला.

घरी परतल्यावर कळलं की या व्यवहारात मालकही भाडेकरूला गुण देतो. आम्हाला पाचपैकी पाच मिळाले, आणि वर एक ओळ, घर नीट ठेवलं, जिन्यात छान वास येत होता. आई चकित झाली. "पैसे आपण दिले आणि मार्क तो देतो? मग आपण पण द्यायचे." तिनं सांगितलं ते मी लिहून घेतलं, माणूस सज्जन, पाणी चांगलं, जिने फार, आणि घरात सांडशी नाही. तसं लिहून पाठवलं. चार दिवसांनी मालकाचं उत्तर आलं, सांडशी म्हणजे काय? आम्ही ओट्यावर ठेवून फोटो काढला आणि पाठवला. त्याचं पुन्हा उत्तर, पण शेगडीशेजारी हातमोजे टांगलेले होते ना?

"हातमोजे घालून चहाचं पातेलं उतरवतो होय हा?" आई म्हणाली. "ब्रह्मचारी दिसतोय. त्याला एक पाठवून दे."

पार्सलचा खर्च सांडशीच्या सहापट होतोय. सध्या घरात त्यावर वाटाघाटी चालू आहेत.