आणि इतर मान्यवर

(रंगमंचावर एक खुर्ची. खांद्याला शबनम, खिशाला दोन पेनं. सत्तरीतला वार्ताहर येतो, वही उघडतो.)

पहिल्या रांगेतले, नावं सांगा बरं पटपट! (थांबतो) राहू द्या, सवय गेली नाई अजून.

नांदेड-लातूर भागात सारी हयात बातमीदारीत गेली. आमच्याकडं बातमी एका वाक्याची अन् 'यावेळी उपस्थित' चाळीस जण. बातमी खोटी निघाली तर कोणी विचारत नाई; नाव राहिलं की सकाळी माणूस दारात. "अण्णा, मी काय सतरंजीवर होतो का? स्टेजवर होतो!"

तेव्हा बातमीचा लखोटा एसटीनं जायचा. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. लखोट्याला डिंक लावायचा नाई. कारण कंडक्टरमामा वाचल्याबिगर न्यायचेच नाईत! "अण्णा, 'सभेला हजारोंची गर्दी' काय लिहायलात? सभेची माणसं माझ्याच गाडीत होती. बेचाळीस तिकिटं फाडलीत मी!"

मानधन जाहिरातीच्या कमिशनवर. सकाळी ज्याच्या रस्त्यावरचे खड्डे छापले, दुपारी त्याच्याच दारात वाढदिवसाची जाहिरात मागायची. तो म्हणायचा, "खड्डे दोन कॉलम, अन् माझा फोटो एकच कॉलम?"

पण नावांची श्रीमंती बघा. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. 1986ला निलंगेकर गेले, शंकरराव चव्हाण आले. 2008ला विलासराव गेले, अशोकराव आले. खुर्ची दोन्ही वेळा लातूरहून नांदेडला! (खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला ठेवतो) मधी अहमदपूरला चहालासुद्धा थांबली नाई.

मग 2009ला महसूल आयुक्तालयाचं भांडण. नांदेडला का लातूरला? नांदेडात फटाके, लातुरात बंद. अन् आज? दोघंबी कागद घेऊन संभाजीनगरलाच चाललेत.

अन् 2016च्या दुष्काळात, एप्रिलात, चार मुख्यमंत्र्यांच्या मुलखात, लातूरला पाणी कुठून आलं? मिरजेहून. रेल्वेनं! पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गाडी यायच्या आधी फलाटावर हारवाले हजर. मला म्हणाले, "लिहा, आमच्या प्रयत्नांना यश." म्हणलं, इंजिनाचं नाव आधी टाकू का तुमचं?

(वही मिटतो.)

एकदाच उलटं झालं. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. किल्लारीत दगडामातीची माळवदं झोपल्या माणसांवर आली. मी नावं लिहीत फिरायलो. एक म्हातारा ढिगाऱ्यावर दगड उचलायला होता. विचारलं, घरात कोण कोण होतं? त्यानं माझं पेन धरलं. म्हणला, "लिहू नको, बाबा. मी अजून शोधायलोय."

सगळ्या आयुष्यात 'नाव छापू नका' म्हणणारा तेवढाच भेटला. मी नाई छापलं.

(थांबून, वही पुन्हा उघडतो.)

आता रिटायर झालो, तरी फोन येतातच. परवा एका पुढाऱ्याचा आला. "अण्णा, तुमच्यामागं तुमची बातमी कोण लिहिणार हो?"

म्हणलं, मीच लिहून ठेवलीय. 'अंत्यविधीला उपस्थित'मधी पहिलं नाव तुमचंच आहे.

खूश झाला गडी! म्हणला, "लई उपकार, अण्णा. फक्त तारीख एक दिवस आधी कळवा. दौरे असायलेत!"

(अंधार.)